जिन्याखालचं रसायन

ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली की मला घरात बसवत नाही. चारलाच अंधारून येतं, समोरच्या घरांतले दिवे लागतात, ट्रामच्या तारा ओल्या होऊन चकाकतात आणि मी उगाचच या खोलीतून त्या खोलीत जातो. केटल लावतो आणि चहा करायचा विसरतो. हीटिंग चालू करतो, बंद करतो. माझी बायको मृणाल म्हणते, "तुझं सुरू झालं." मग मी जिन्याखालचं कपाट उघडतो, व्हॅक्युम क्लीनरच्या मागून पांढरी प्लॅस्टिकची बादली ओढून काढतो आणि झाकण काढून आत नाक घालतो. कितीही धुतली तरी तिच्यात थोडा वास राहतोच. भिजलेल्या धान्याचा, किंचित आंबूस, पाव भाजता भाजता मध्येच कुणी भट्टी विझवावी तसा. तो वास आला की बाबा आमच्याकडे लंडनला, क्रॉयडनमध्ये होते तो शरद ऋतू जसाच्या तसा उभा राहतो.

आई त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. मी साताऱ्याला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालून दाराशी ठेवल्या होत्या आणि बाबा आल्यागेल्याला चहाचं विचारत होते. आमच्याकडे चला म्हटलं, तर म्हणाले, बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. पण ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांचाच फोन आला, व्हिसाला काय काय लागतं ते कळव म्हणून. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा झाला आणि ते आले. एका सुटकेसमध्ये कपडे, औषधं आणि मृणालसाठी गुळाची लहानशी ढेप.

आले खरे, पण एका जागी बसेनात. सकाळी उठून पार्कात, तिथून हाय स्ट्रीटला, तिथून ट्रामस्टॉपवर. सफरचंदं गळायचे दिवस होते. शेजारच्या झाडाची फळं आमच्या कुंपणाशी पडत, ती वेचून ते त्या शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवून येत. कुठल्या रंगाची कचऱ्याची बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची हे मला अजून पाठ नाही, त्यांना आठवड्यात पाठ झालं. घरात आले की टीव्ही लावायचे आणि उभ्याउभ्याच बघायचे. बसा ना बाबा, म्हटलं की बसत, आणि मी किचनमध्ये जाऊन येईपर्यंत पुन्हा खिडकीशी.

माझंही निराळं नव्हतं. आई गेल्यापासून मला संध्याकाळी काही सुचत नसे. कामाचा लॅपटॉप मिटायचा आणि घरचा उघडायचा. ऑफिसात एकानं त्यानं घरी केलेल्या बिअरची बाटली मला दिली होती. चव ठीकच होती, पण ती त्यानं स्वतः केली होती आणि तयार होईपर्यंत वाट पाहिली होती, याचं मला अप्रूप वाटलं. हाताला काम हवं आणि घाई करूनही ते लवकर होऊ नये, असं काहीतरी मला हवं होतं. म्हणून मी शोधायला लागलो, आणि शोधण्यातच अडकलो. डब्यातलं घट्ट माल्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाचा अर्क, आणायचं आणि नुसतं पाणी घालायचं, की धान्य आणून सुरुवातीपासून सगळं करायचं? भांडं प्लॅस्टिकचं, काचेचं की स्टीलचं? तोटीचं की बिनतोटीचं? एक माणूस सांगे काचच घ्या, दुसरा म्हणे काच फुटून हात कापतो. मी टॅब उघडत गेलो. रोज रात्री जेवणाआधी ठरवायचो आणि जेवून उठेपर्यंत ते बदललेलं असायचं.

हे सगळं मी बाबांपासून लपवत होतो, आणि त्याला कारण होतं. बाबांची सगळी नोकरी दारूबंदीच्या खात्यात गेली. हातभट्ट्यांवर छापे घालायचे, ओढ्याकाठी पुरलेली पिंपं उकरून काढायची, गुळाचं आंबवलेलं रसायन जमिनीवर ओतून द्यायचं, पंचनामा करायचा. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण बाबांच्या खाकी कपड्यांना तिचा वास मात्र नेहमी असे. आई ते कपडे वेगळे भिजवायची.

सांगितलं शेवटी मृणालनंच. ती इथंच जन्मली, इथंच वाढली. हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. तिचं मराठी तिच्या आईवडिलांकडून आलेलं आणि इंग्रजीत मुरलेलं, पण ती ते न घाबरता बोलते. जेवताना ती सरळ म्हणाली, "बाबा, नितीनला ना घरी बिअर करायचा आहे."

"करायची आहे," बाबा म्हणाले. मग काय म्हणाली ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "परवाना?"

घरच्यापुरती केली, विकली नाही, तर इथं परवाना लागत नाही, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मृणालनं फोनवर सरकारी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा आणून ते सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचलं. भट्टी लावून दारू गाळायला मनाई आहे, हे वाचल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. भट्टी लावणार नाहीस ना, एवढंच त्यांनी मला पुन्हा विचारून घेतलं. शनिवारी दुकानात जायचं ठरलं तेव्हा मात्र ते सगळ्यांच्या आधी कोट घालून दाराशी उभे होते.

दुकान लहानसं होतं, एका न्हाव्याच्या आणि एका चॅरिटी शॉपच्या मध्ये. दारातच माल्टचा गोडूस वास. मालकीण साठीतली, बाह्या वर सारलेली, घाई नसलेली बाई. मी तिला मला माहीत असलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं की घरात मोठं पातेलं आहे का. आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग निम्मं काम झालं. झाकणाची बादली, हवा बाहेर सोडून आत न घेणारी ती झाकणावरची वाकडी नळी, थर्मामीटर, बाटल्यांत भरायला रबरी नळी, बुचं दाबायचं यंत्र आणि जंतू मारायचं औषध. पैसे उरले तर या औषधावरच घाला, बाकी सगळं साधं चालतं, असं तिचं म्हणणं पडलं.

मला मनातून काचेचा तो मोठा बुधला हवा होता. उजेडात काय सुंदर दिसत होता. मृणालनं तो रिकामाच उचलून पाहिला आणि खाली ठेवला. बाबा हात मागे बांधून, मुद्देमाल तपासावा तसे फळ्यांवरून फिरत होते. मी विचारल्यावर म्हणाले, "ज्याच्या तळाला हात पोचतो तेच घे. हात पोचला नाही तर धुतलं असं म्हणायचं, एवढंच." म्हणून बादली घेतली. खरं सांगायचं तर त्यांनी ठरवून टाकलं याचं मला बरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातला एक टॅब बंद झाला.

तेवढ्यात मालकिणीनं काउंटरवर द्रवाची घनता मोजायचा हायड्रोमीटर ठेवला. बोटाएवढा जाड, काचेचा, खाली शिसं भरलेला. बाबांनी तो न विचारता उचलला, दोन बोटांत धरून डोळ्यांच्या रेषेत आणला आणि हवेतच, जणू पातळीवर तरंगतोय असा, वाचून पाहिला. पंचवीस वर्षांपूर्वी असाच त्यांच्या बॅगेत असायचा, लाकडी पेटीत, मखमलीवर. मालकीण हसून म्हणाली की हे काका माहीतगार दिसतात. मी तिला सांगितलं की ते आयुष्यभर हेच बंद पाडत होते. तिला वाटलं मी गंमत करतोय.

कृतीवरून मात्र बिनसलं.

मालकिणीचा सल्ला साधा होता. पहिल्या खेपेला एकच माल्ट, एकच हॉप, एकच यीस्ट. चुकलं तर कुठं चुकलं ते कळतं. फिकट माल्टचा अर्क आणि इथलेच, केंटकडचे हॉप्स, बिअरला कडवटपणा देणारी ती वाळकी फुलं, तिनं बांधून दिले. पण घरी आल्यावर माझं मन पुन्हा भटकायला लागलं. सगळेच करतात ती बिअर आपण का करायची? फडताळात बाबांनी आणलेली ढेप होती. साताऱ्याचा गूळ, साऱ्या शेल्फला त्याचा वास. थोडा गूळ घातला तर काळपट रंग येईल, घरची काहीतरी खूण राहील. मला ती कल्पना फार आवडली. मी सुरीनं गूळ चिरायलाही घेतला.

बाबा दारात आले. "गूळ घालायचा नाही," म्हणाले.

का, असं मी विचारलं. बऱ्याच लोकांच्या कृतींत साखर असते, गुळानं काय होतंय?

"नाही म्हटलं ना."

त्यांनी कोट घातला आणि बाहेर पडले. बाहेर भुरभुर पाऊस होता. ते अंधार पडल्यावर परत आले, ट्रामनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन. कपडे बदलून गुपचूप जेवले. मी धुसफुसत होतो. माझं सगळं लहानपण या 'नाही म्हटलं ना'वर चाललं होतं. सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, नाटकात काम करू का. प्रत्येक दार याच तीन शब्दांनी बंद व्हायचं. आता माझ्याच घरात, माझ्याच किचनमध्ये तेच. मी मृणालला म्हटलं की सगळं सामान परत देऊन टाकतो.

ती म्हणाली, "तू त्यांना कधी विचारला का, का?"

मी म्हटलं, विचारलं की आत्ताच. ती म्हणाली तसं नाही. आणि मग तिला मराठीत सापडेना म्हणून इंग्रजीत म्हणाली की तू भांडण म्हणून विचारलंस, माहीत करून घ्यायला नाही. मी गूळ परत फडताळात ठेवला.

रविवारी पातेलं चढवलं. पाणी तापलं, अर्क सोडला. काकवीसारखा घट्ट, चमच्याला धरून राहणारा. उकळी आली तसे हॉप्स टाकले आणि किचन एका अनोळखी वासानं भरून गेलं. वाळलेलं गवत, संत्र्याची साल आणि कडू काहीतरी. खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या. एक तासभर ते उकळत राहायला हवं आणि त्याच्याजवळून हलायचं नाही. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. बाबा वासानं खाली आले. फेस एकदम वर चढला आणि मी गडबडलो, तर त्यांनीच पुढे होऊन गॅस बारीक केला. माझ्या हातातला डाव घेतला आणि ढवळायला लागले.

"त्याला असा वास नव्हता," ते म्हणाले. मला वाटलं ते एवढ्यावर थांबतील. पण ढवळताना त्यांना आमच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून असेल, ते बोलत राहिले.

मी पाचवीत होतो त्या वर्षीची गोष्ट. आम्ही तेव्हा घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी होतो. जवळच्या एका वाडीत हौसाबाई म्हणून बाई होती. ओढ्याच्या वळणावर तिची हातभट्टी. बाबांना ती माहीत होती, आसपास सगळ्यांनाच माहीत होती. काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल. ती स्वतः आधी पिऊन बघायची आणि मग वाडीला द्यायची. सणाच्या आधी वरून हुकूम आला आणि बाबांनी छापा घातला. पिंपं फोडली, रसायन ओढ्याच्या काठावर ओतलं. गुळाच्या त्या चिखलात माश्या बसायच्या आधीच बाईला गाडीत घालून नेलं. काम चोख झालं म्हणून वरच्या साहेबांनी पाठ थोपटली.

सण आला. वाडीतल्या माणसांना दारू हवी होती आणि हौसाबाई कोठडीत होती. शहराकडून एक माणूस कॅनमध्ये घेऊन आला. ती दारू नव्हतीच, कारखान्यात वापरायचं स्पिरिट होतं. रात्री कुणाला काही वाटलं नाही. सकाळी माणसं उठली आणि म्हणायला लागली, धुकं फार पडलंय.

पंचनाम्याला बाबांना पाठवलं. ते पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. एका घराच्या ओट्यावर एक माणूस बसला होता. छापा घातला त्या दिवशी त्यानंच बाबांना पाणी दिलं होतं. तोंड थेट उन्हाकडे, डोळे उघडे. बुटांचा आवाज ऐकून तो म्हणाला, "साहेब, उजाडलं का?"

पातेलं उकळत होतं. तो माणूस दुपारी गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्याच्याबरोबर आणखीही.

मृणालनं त्यांच्या हातातून डाव घेतला. तिनं त्यांना सांगितलं की ते विष त्या कॅनवाल्या माणसानं आणलं, तुम्ही नाही. आणि ह्याच्यात, ह्या बादलीत, तसं काही होऊच शकत नाही. "मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "दोन्ही माहीत आहे."

मला ते दिवस आठवले. बाबा आंघोळीला गेले की बाहेरच यायचे नाहीत. जेवायचे नाहीत. सहामाहीत मला गणितात कमी पडले होते आणि मी धरून चाललो होतो की ते माझ्यावर रागावलेत. आई मला शेजारी अभ्यासाला पाठवायची. मी त्यांना विचारलं, आईला हे माहीत होतं?

"तिलाच माहीत होतं," बाबा म्हणाले.

मग मला कळलं की हा माणूस टीव्हीसमोर का बसू शकत नाही, ट्रामनं टोकापर्यंत जाऊन तसाच परत का येतो. एवढी वर्षं ही गोष्ट दोघांत मिळून होती. आता ती त्यांना एकट्यानं सांभाळायची होती, आणि त्यांनी ती सातासमुद्रापलीकडे आणून आमच्या शेगडीशी उभ्याउभ्या सांगितली होती. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही. मी बाथटबात गार पाणी सोडायला वर गेलो, कारण पातेलं निवायला ठेवायचं होतं, आणि नळ सोडून तिथंच टबाच्या काठावर बसून राहिलो.

कोमट झाल्यावर सगळं बादलीत ओतलं, यीस्ट भुरभुरवलं, झाकण लावलं. बादली जिन्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावरच्या नळीतून पहिला बुडबुडा निघाला. "रसायन जागं झालं," बाबा म्हणाले. पुढचे काही दिवस ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचे. शाल पांघरून, कपाटाचं दार किलकिलं ठेवून, बुडबुडे ऐकत. इथं आल्यापासून त्यांना मी पहिल्यांदा स्वस्थ बसलेलं पाहत होतो. कामावरून आलो की मीही बॅग तशीच खांद्याला ठेवून वरच्या पायरीवर टेकायचो. तिथं त्यांनी मला आईच्या गोष्टी सांगितल्या. छाप्याहून आलं की ती आधी अंगणात उभं करून पाणी द्यायची, आत घ्यायची नाही. बदलीच्या गावाला ती नकाशात आधी नदी शोधायची. एकदा तिनं त्यांना नोकरी सोडा म्हटलं होतं, त्यांनी 'बघू' म्हटलं होतं.

मला वाटायला लागलं की ते आता राहतील. व्हिसा संपेपर्यंत तरी. पण नोव्हेंबर लागला तसं ते म्हणाले की नाताळच्या आधी जायचं आहे, घर फार दिवस बंद राहिलं. मी रागावलो, समजावलं, थंडीचं, ब्लडप्रेशरचं, एकटेपणाचं सगळं सांगून झालं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले की तिथं मला जाग आली की मी कुठं आहे ते कळतं. ते गेले. अजून साताऱ्याला आहेत, एकटे आहेत, आणि आता आम्ही रोज फोनवर बोलतो. कधी कधी दोघंही गप्प बसतो, पण फोन ठेवत नाही.

ते जायच्या आधीच्या शनिवारी पहिली बाटली उघडली. बूच निघताना बारीकसा फुस्स आवाज आला आणि मृणालनं टाळी वाजवली. रंग गढूळ मधासारखा, फेस आला आणि लगेच बसला. चव कडवट, थोडी कच्च्या सफरचंदाची. फार ग्रेट नव्हती, पण बिअर होती. बाबा पिणार नव्हते आणि आम्ही आग्रह केला नाही. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, मान हलवली आणि खाली ठेवला. त्या संध्याकाळी जेवताना ते आमच्या तोंडांकडे बघत होते. डोकं दुखतंय का, असं त्यांनी मृणालला विचारलं. नाही म्हटल्यावर थोड्या वेळानं मलाही विचारलं. आम्ही ते वयाचं समजून सोडून दिलं.

सकाळी दारावर टकटक झाली. रविवार होता, पडद्याच्या कडेनं उजेड आत आला होता. आमच्या खोलीच्या दाराशी बाबा कधी येत नसत. मी घाबरून उठलो, दार उघडलं. ते स्वेटर-टोपी घालून उभे होते, किती वेळचे ते कोण जाणे. दाढी केलेली नव्हती.

"खिडकीबाहेर बघ," ते म्हणाले. "काय दिसतंय सांग."

मी अर्धवट झोपेत होतो. काय झालं बाबा, म्हणणार होतो, आणि मग मला कळलं. मी जाऊन पडदा सरकवला. मागून मृणाल उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

समोरच्या छपरावर एक सीगल बसलाय, मी म्हटलं. चिमणीच्या डाव्या बाजूला.

"आणखी?"

एक बाई गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय. हातात लाल मोजे आहेत. मृणालनं सांगितलं की कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत झाड आहे, नाताळचं, अजून दिवे लावलेले नाहीत.

"आणखी?"

त्या बाईच्या गाडीचा नंबर मी वाचून दाखवला. पलीकडच्या पाटीवरचं रस्त्याचं नाव वाचलं. गवतावर दव गोठलंय, त्यावर कुणाची तरी पावलं उमटलीत, म्हटलं. ते दाराच्या चौकटीला हात टेकून ऐकत होते. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं तरी ते हलले नाहीत, म्हणून मग मी आभाळाकडे पाहिलं आणि त्यांना त्याचा रंग सांगायला लागलो.